रांगीकडची लाइन

अरीबानं चालू राउटरची वायर सरळ उपटली. शेजारच्या राउटरवरचे दिवे क्षणभर लुकलुकले आणि स्थिर झाले. भिंतीवरच्या टीव्हीत नेटवर चाललेली मॅच थांबलीसुद्धा नाही.

“पाहिलं का, अब्बा?”

नूर मोहम्मदांनी चहाचा घोट घेतला. “पाहिलं. दिसते तं टिफिनच्या डब्यावानी.”

धानोऱ्यातल्या त्यांच्या छोट्या इंटरनेट कंपनीसाठी हे दोन डबे निवडण्यात अरीबाचा सगळा हिवाळा गेला होता. आठ अँटेनांचे, दिसायला झकास राउटर तिनं बाजूला सारले. आत पंखा असलेले नाकारले, कारण पंखा धूळ ओढतो. शेवटी एकाच बनावटीचे दोन करडे डबे घेतले, उन्हात तापले तरी चालणारे, व्होल्टेज पडलं तरी न बिघडणारे. एक बसला की दुसरा काम उचलणार. तारेचंही तिनं तसंच केलं. एक लाइन आधीपासून गडचिरोलीच्या रस्त्यानं येत होती. आता दुसरी रांगी गावाकडून आणली, खांब नाहीत तिथं झाडांना बांधून.

हा सगळा खटाटोप मोहाच्या दिवसांसाठी होता. मोहाची फुलं गळायच्या आधी लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात, म्हणजे ती वेचायला जमीन साफ मिळते. ज्याचं त्याचं झाड ठरलेलं असतं. आग मात्र असली वाटणी मानत नाही. मागच्या वर्षी तार इतक्यांदा जळाली की बँकेपासून सेतू केंद्रापर्यंत सगळ्यांनी अरीबाला फोनवर झोडपून काढलं. तेव्हाच नागपूरच्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती. ती जागा अजून रिकामी होती.

“या मोहात दोन्ही लाइनी एकदम बंद पडल्या तं मी नागपूरले चालली,” ती म्हणाली.

“जायचं असन तं जाय. मी काऊन अडवू?”

एवढं बोलून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. अरीबाला ते लागलं. तिला खरं तर जायचं नव्हतं. अब्बांचा जुना केबल टीव्हीचा धंदा मोडून हे सगळं तिनं उभं केलं होतं, आणि तिचा त्यात जीव होता. अब्बांनी एकदा नुसतं ‘थांब’ म्हटलं असतं तरी तिनं नागपूरचं नाव काढलं नसतं. पण अब्बा बोलण्याच्या बाबतीत पहिल्यापासून कंजूष.

मार्च संपत आला तेव्हा एका सकाळी गडचिरोलीची लाइन गेली. रांगीच्या लाइनीनं काम उचललं आणि एकाही गिऱ्हाइकाला पत्ता लागला नाही. अरीबानं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. लाइनमन धनराजचा फोन आला, “ताई, तार जळाली. जोडाले संध्याकाळ होते.” होऊ दे, ती म्हणाली. मग तासाभरानं रांगीचीही लाइन गेली. दोन्ही डबे टेबलावर धडधाकट होते, दिवे लागलेले होते, आणि सगळं धानोरा बंद पडलं होतं.

“दोन्ही गेल्या, अब्बा.”

“हं.” नूर मोहम्मदांनी वाजणारा फोन स्वतःकडे ओढला. “गिऱ्हाईक मी सांभाळतो. जाण्याच्या आधी तेवढी लाइन जोडून दे.”

म्हणजे तिचं जाणं त्यांच्या लेखी पक्कं झालं होतं. जोडणीचं मशीन घेऊन अरीबा स्कूटीवर निघाली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि भरून आले म्हणून तिला स्वतःचाच राग येत होता. परत आल्यावर नागपूरला फोन करायचा, असं तिनं वाटेत ठरवून टाकलं.

रांगीच्या रस्त्यावर एका वळणाला जमीन काळी पडली होती. धूर अजून निघत होता. पण जळालेली तार कुठंच नव्हती. पाच-सहा झाडांवरून ती साफ नाहीशी झाली होती आणि दोन्हीकडची टोकं विळ्यानं कापलेली होती. चोरी, तिला वाटलं.

मोहाखाली एक बाई राख झाडत होती. सुगंधाबाई तिचं नाव. ती झाडं तिच्याच घरची. अरीबानं तारेचं विचारताच ती रस्त्यापलीकडच्या घरात गेली आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेलं तारेचं वेटोळं घेऊन आली.

“घे. पुरी हाय, पाहून घे. वाऱ्यानं आग इकडं सरकली, मंग मी काढून ठेवली.”

“पण बाई, कापली का बंद पडते ते.”

“जळल्यावर चालते का?”

अरीबानं वेटोळं उलगडून पाहिलं. तारेला कुठं ओरखडासुद्धा नव्हता. दोन जोड मारले की लाइन सुरू होणार होती. रागवावं की हसावं, तिला कळेना.

“इतकी मेहनत करा म्हणून कोणी सांगतलं तुम्हाले?”

“तो नेटवाला नूरभाऊ नाई का? तू त्याच्याकडंच कामाले असशील. आला होता मागं. या रस्त्यानं झाडाझाडाखाली थांबून साऱ्याइले हात जोडत होता. म्हणे, बाई, ही तार जळली का माही पोरगी गाव सोडून जाते. मी म्हटलं, मंग पोरीलेच सांग ना, नोको जाऊ म्हणून.” सुगंधाबाई पुन्हा राख झाडायला वाकली. “तं म्हणे, तिले सांगता येत नाई, म्हणून तं तुम्हाले सांगून राह्यलो.”