एकशे आठ फेऱ्या

पन्नासाव्या फेरीला नित्या तुळशीपाशी थांबली. "आज पोदुम, आजी, पुरे," ती धापा टाकत म्हणाली.

गंगाबाईंनी मोजणीचा पुढचा चिंचोका उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. "अप्पास बरं व्हायला हवं न?" त्यांनी विचारलं. पोर पुन्हा चालू लागली.

तंजावरात सगळं पुन्हा बंद होऊन महिना झाला होता. राजवाड्यामागच्या गल्लीत सायकलीचीही घंटी ऐकू येत नव्हती. पण नित्या त्याच्या कितीतरी आधीपासून बसून होती. नऊ वर्षांची मुलगी, दिवसभर फोन हातात, जिना चढली तरी दम लागे. शाळा फोनात शिरल्याचे हे भोग, असं गंगाबाईंचं ठाम मत होतं. रोज तासभर अंग हललंच पाहिजे, नाहीतर पुढे जड जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कृष्णाजीने लेकीला दोरी आणून दिली, गच्चीवर तिच्याबरोबर चेंडू खेळून पाहिला. ती ढिम्म हलली नाही.

मग कृष्णाजीलाच ताप आला आणि तिसऱ्या दिवशी त्याला आस्पत्रीत न्यावं लागलं. घरात दोघीच उरल्या, आणि भिंतीवर हार घातलेल्या तसबिरीत नित्याची अम्मा. त्याच संध्याकाळी गंगाबाईंनी नातीला जवळ घेऊन सांगितलं, की तुळशीला रोज एकशे आठ प्रदक्षिणा घातल्या तर अप्पा बरे होऊन येतील. दोरीला नाही म्हणणारी पोर देवाला नाही म्हणायची नाही, हे त्यांना ठाऊक होतं. फेऱ्यांनी छातीतला कफ सुटतो यावर त्यांचा स्वतःचा काही विश्वास नव्हता. मुलगा तिकडे प्राणवायूवर होता आणि त्याच्यासाठी काहीच करता येत नव्हतं. निदान नात तरी हातची जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

पहिले काही दिवस नित्या रडतखडत चालली. आठवड्याभरात पायाला भिंगरी लागली. फेऱ्या पळत होऊ लागल्या, ताटातला भात संपू लागला. मोजण्यात चूक झाल्याची शंका आली, तर ती आपणहून दोन फेऱ्या जास्त घाली. गंगाबाई चिंचोके या वाटीतून त्या वाटीत टाकत आणि मनातून खूश होत. एका दगडात दोन पक्षी, असं त्यांना वाटे.

सतराव्या दिवशी कृष्णाजी घरी आला. वाळून निम्मा झाला होता, पण स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडून आला. नित्या त्याला चिकटून बसली. गंगाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी मुलाला प्रदक्षिणांची सगळी हकीकत सांगितली.

"तुझ्या लेकीनं ओढून आणलं तुज," त्या म्हणाल्या.

कृष्णाजी लेकीच्या पाठीवरून हात फिरवत हसला. नित्या हसली नाही. ती उठली आणि आजीसमोर येऊन उभी राहिली.

"मग मागच्या वर्षी अम्मा आस्पत्रीत होती, तेव्हा मज का सांगितलं नाहीस?"