न वाळणारी खुर्ची

भरदुपारी घर चिडीचूप असताना ‘चट्’ असा आवाज झाला. चिकट रंगावरून कुणाचं अंग सुटावं, तसा. आईने वळून पाहिलं. लेकीची छोटी पिवळी खुर्ची रिकामीच होती.

हौसेच्या भरात आईनेच तिला रंगाचे जाड हात एकावर एक चढवले होते. आता तो काही केल्या वाळेना, आणि लेकीला तर कधी एकदा बसते असं झालेलं.

"पाहुण्यांना दे ही," नवरा म्हणाला, "उठायचं नावच काढणार नाहीत."

तिघंही पोट धरून हसली. हसू ओसरलं, तेव्हा मागे पुन्हा ‘चट्’ वाजलं.

शेवटी आईने सगळा रंग खरवडला, काचकागद मारला आणि या वेळी पातळ हात दिला. खुर्ची खडखडीत वाळली. लेक टाळ्या पिटत तिच्याभोवती नाचली, पण बसेना.

"बस की गं राणी. आता नाही चिकटायची."

लेक तिच्या कानाशी आली. "आधी ते उठलं की आवाज यायचा ना, आई. आता खुर्ची रिकामी झाली, हे कसं कळणार?"