बदामी रंगाचा नियम

कॉलनीतल्या घरांना बदामी सोडून दुसरा रंग लावायचा नाही, हा नियम सचिवकाकांनी अकरा वर्षं सगळ्यांना नाक दाबून पाळायला लावला. शेवटी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सभेत टेबलावर हात आपटला, "घर आमचं, मग रंग ठरवणारे तुम्ही कोण?" टाळ्यांच्या कडकडाटात नियम रद्द झाला, काकांचं सचिवपदही गेलं. काका उठून घरी आले.

रविवारी त्यांनी रंगारी बोलावला आणि दिवेलागणीपर्यंत घराची दर्शनी भिंत पोपटी करून घेतली. काकू कौतुकाने म्हणाल्या, "अकरा वर्षं मनातच ठेवलात हो हा रंग!"



सोमवारी सकाळी डॉक्टर दारोदार सह्या गोळा करत फिरत होते: नियम परत आणा आणि सचिव म्हणून काकांनाच बसवा.