आडवी अँटेना

चंद्रावरच्या वस्तीची मोठी तबकडी मोडली आणि हाती उरला एक हौशी रेडिओ. तासाभरात पृथ्वीशी बोलणं झालं नाही, तर रसद घेऊन येणारं यान माघारी फिरणार होतं. कॅप्टन रणदिवेंनी रेडिओसोबतच्या लहानमोठ्या तिन्ही अँटेना पालटून पाहिल्या, प्रत्येकीचं टोक डोक्यावरच्या पृथ्वीवर रोखून. रेडिओ मुकाच.

"बंदूक आहे का ती?" म्हणत स्वयंपाकघरातून इंदुमतीबाई आल्या. मिरजेच्या रेडिओ क्लबात त्यांची निम्मी हयात गेली होती. त्यांनी या लहरींना जुळणारी, मधल्या लांबीची अँटेना लावली. "ही टोकातून नाही, कुशीतून बोलते," म्हणाल्या आणि ती आडवी धरून त्यांनी हाक दिली.

अडीच सेकंद गेले.

"चंद्र, मिरज ऐकतंय. आवाज खणखणीत. यानाला कळवतो."

बाईंनी रेडिओ कॅप्टनच्या हातात दिला. "घ्या, बोला. आडवीच धरा."