उलटीकडून वाचलेलं पुस्तक

चिठ्ठीखाली सही नव्हती, पण लेकीचं अक्षर ओळखायला आईला सही कशाला लागते?

"ही माझीच गोष्ट आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत." आणि खाली नुसतं, "एक वाचक".

ग्रंथपालबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्यांच्या वाचनालयाची रीतच होती. प्रत्येक पुस्तक उघडल्या उघडल्या दिसेल असा एक कोरा कागद चिकटवायचा, वाचणाऱ्याने त्यावर आपलं मत लिहायचं, म्हणजे पुढच्याला कळतं आपण काय हातात घेतोय ते. पुस्तक परत आलं की बाई मतं तपासत, कुणी वेडंवाकडं लिहिलं असेल तर खोडत. मुलांच्या चित्रकादंबऱ्यांना कागद त्याच चिकटवत, पण वाचायच्या मात्र नाहीत. "चित्रंच बघायची तर भिंतीवर कॅलेंडर आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि तरुण मुलांच्या कादंबऱ्यांबद्दल तर विचारूच नका. "जो तो रडतोय! दोन वेळचं आयतं मिळतंय, तरी रडतोय!"

आज मात्र त्यांनी उभ्याउभ्याच पान उलटलं. हे जाडजूड पुस्तक म्हणजे जपानी मंगा. शब्द जवळजवळ नव्हतेच, नुसती चित्रं. टेबलाशी मायलेकी जेवताहेत, मुलगी खळखळून हसतेय. पुढे तीच मुलगी वर्गात एका मैत्रिणीबरोबर. मग वर्गात एकटी. मग अंथरुणात तोंड खुपसून. मग जिन्यात उभी राहून वर बघत ओरडणारी आई, तोंड हे एवढं उघडं. त्याच्या पुढच्या चौकटीत फक्त पायऱ्या आणि अनवाणी पावलं. आणि शेवटच्या पानावर गच्ची. कठड्याशी मुलगी, पाठमोरी.

संपलं पुस्तक.

सकाळीच त्या लेकीवर ओरडल्या होत्या. ओल्या टॉवेलवरून बहुतेक. ती तशीच निघून गेली होती, आणि आपण मागून म्हणालो, "दार लाव नीट!" हे आत्ता त्यांना लख्ख आठवलं.

घड्याळात पाच वीस झाले होते. क्लास सुटून पोरगी पाचला इथे येते. त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. सहाव्यांदा लावून झाल्यावर त्यांनी शेजारच्या वहिनींना फोन केला.

"वहिनी, जरा गच्चीत जाऊन बघता का? आत्ता. हो, फोन चालूच ठेवा."

पलीकडे चपलांचा आवाज, धापा, मग वारा.

"दार सताड उघडं आहे हो. पण इथे कुणीच नाही."

"खाली बघा ना," बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

"खाली काय बघू?"

फोन टेबलावर तसाच टाकून बाई निघाल्या, टेबलाखाली एकच चप्पल सापडली, ती हातात घेऊन दारापर्यंत आल्या, आणि समोर लेक उभी.

"बापरे, किती मिस्ड कॉल! कुणी गेलं की काय?"

बाईंनी आधी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला असं घट्ट धरलं, की पोरीचं दप्तर खाली पडलं.

"आई, अगं क्लास लांबला. काय झालं?"

"वर मला विचारतेस? हे काय लिहून ठेवलंयस? ती पोर गच्चीवर जाते, तिथेच गोष्ट संपते, आणि तू म्हणतेस तुझी आहे म्हणून!"

लेक पुस्तकाकडे बघत राहिली आणि एकदम हसत सुटली. "अगं, तू उलटीकडून वाचलंस! ही पुस्तकं उजवीकडून सुरू होतात. तशी सूचना असते आत. तू तुझा कागद नेमका तिच्यावर चिकटवलायस. मी हे शाळेत नेलं तेव्हा सगळा वर्ग हसला होता." तिने कागदाचा कोपरा उचलून दाखवला. खाली ठळक अक्षरं होती, 'थांबा! हा शेवट आहे.' "जेवतात त्या दोघी शेवटी. मजेत."

बाईही हसल्या. हसताहसता पदराने डोळे पुसले. वहिनींना फोनवर सांगितलं, आहे हो, आली, उगाच घाबरवलं तुम्हाला. मग म्हणाल्या, "थांब, आता नीट बघते." पुस्तक पालथं करून त्यांनी उजवीकडून उघडलं.

पहिल्याच पानावर गच्ची होती.

त्यांचं हसू तिथेच राहिलं. त्यांनी त्या पाठमोऱ्या मुलीवर बोट ठेवलं.

"पहिल्या पानापासून, असं लिहिलंयस तू."

लेक दप्तराच्या बंदाशी चाळा करत राहिली.

"कधी?"

"झाले चार महिने."

बाईंना पान उलटवेना. शेवटी लेकीनेच उलटलं. अनवाणी पावलं, पायऱ्या. आणि जिन्यात उभी राहून वर बघत ओरडणारी आई.

"ही का ओरडतेय एवढी?" बाईंनी कसंबसं विचारलं.

"ओरडत नाहीये. हाक मारतेय. तू नव्हती का मारलीस? 'आभाळ भरून आलंय, कपडे घेऊन ये, वर काय मुक्काम ठोकलायस?'" लेक जराशी हसली. "मग आले ना मी. कपडे घेऊन."

बाईंनी आठवून पाहिलं. असं तर त्या रोजच ओरडत. तो दिवस कोणता, ते काही केल्या त्यांना आठवेना.