खोडलेल्या रूथ

"मुलगी झाली तर नाव क्लेअर ठेवणार आम्ही," गेल म्हणाली.

"नाव म्हणजे काय कोट आहे, थोरलीनं टाकला की धाकटीनं घालायला?" तिची आई डोरीन कडाडली. "ती एकच होती. तुझ्या पोरीला दुसरं काहीही ठेव."

सातव्या महिन्याचं पोट सांभाळत गेल दफनभूमीच्या चिखलातून आईमागे चालत राहिली. थोरल्या बहिणीला, क्लेअरला, जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून आईने ते नाव तोंडातून काढलं नव्हतं.

पूर्वज शोधायचं खूळही तेव्हाचंच. जिवंत माणसांशी बोलण्यापेक्षा डोरीनला मेलेली परवडत. सध्या ती मेहिटेबलच्या मागे होती, अडीचशे वर्षांपूर्वी कनेटिकटच्या याच टेकडीवर नांदलेली तिची पूर्वज. अशा बाईचा माग काढणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. अमक्याची मुलगी, तमक्याची बायको, शेवटी विधवा, बस्स. गावच्या दप्तरात तिला रूथ नावाची मुलगी तीनदा झालेली होती. कारकुनाला डुलकी लागली असेल, असं म्हणून डोरीनने वंशावळीत एक रूथ ठेवली आणि दोन खोडल्या.

मेहिटेबलच्या थडग्याचा दगड सापडला, पण अक्षरं पार झिजलेली. गेलने आरसा धरून दगडावर तिरपं ऊन पाडलं, तेव्हा कुठे नाव लागलं. शेजारी गवतात दोन बुटके दगड होते. तिने आरसा तिकडे वळवला.

"रूथ, मेहिटेबलची मुलगी. वय वर्षं दोन." डोरीन वाकून दुसऱ्याकडे सरकली. "रूथ, मेहिटेबलची मुलगी. वय वर्षं चार."



"एक गेली की पुढचीला तेच नाव," गेल हळूच म्हणाली. "ठेवायचे तेव्हा तसं. तिसरी जगली बघ. आपण तिच्याच वंशातल्या ना?"

डोरीन चिखलातच मटकन बसली.

"आणि मी दोघींना खोडलं गं. मेलेल्या पोरी पुन्हा मारल्या मी." तिला हुंदका आवरेना. "कसं जमलं असेल तिला? दारात उभं राहून रूथ म्हणून हाक मारायची, आणि धावत येणार ती वेगळीच."

गेललाही रडू फुटलं होतं. आई थंडीने कुडकुडतेय हे बघून ती गाडीतला कोट आणायला उतारावरून खाली निघाली. ओल्या गवतावर तिचा पाय सटकला.

"क्लेअर!" डोरीन जिवाच्या आकांताने ओरडली.

गेलने कुंपणाचा दगड धरला आणि सावरली. मागे वळून तिने आईकडे पाहिलं. मग एक हात पोटावर ठेवला.

"ओ," तिने हाकेला उत्तर दिलं.