पाडसाचा आवाज

सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही, पण मंगरूळपीरच्या रानात पाडसाचा आवाज माझ्याएवढा हुबेहूब काढणारा दुसरा शिकारी झाला नाही. मुनाफ कातडीवाल्याच्या अंगणात बसून मी त्याला हेच सांगत होतो.

"हरणी लांब असली की पान ओठांत धरून जोरानं फुंका लागते. तिनं कान वळवले की आवाज बारीक करायचा. ती निघाली की मंग गपच बसायचं. पुढं तीच शोधत येते."

मुनाफ एका कातड्याला मीठ चोळत होता. "मंग? आली?"

"नाल्यापल्याडून आली. मी पान तोंडातून काढून हातावर ठेवलं, ठासणीची बंदूक उचलली. तरी आवाज चालूच."

"कोणाचा?"

"पानाचा. माह्या तळहातावर ते पान रडून राह्यलं होतं. हरणी ना माह्याकडं पाहे, ना बंदुकीकडं. पानाकडं पाहत पार जवळ आली. तिच्या आचळांतून दूध गळत होतं."

मुनाफचा हात थांबला.

"मी बार नाही काढला, मुनाफ. पान तिथंच फेकलं अन् तिले जाऊ देलं."

त्यानं मान वर केली नाही.

"खोटं कायले बोलता, चंपतभाऊ? तिचं कातडं तुमीच आणून देलं मले. हे काय, माह्या हाताखाली आहे. रोज खुंट्या ठोकून ताणतो, अन् रोज सकाळी ते खुंट्या उपटून तुमच्या घराकडं सरकलेलं राह्यते. पान घरी ठेवलं ना तुमी?"